उभ्या गाडीचे चालते इंजिन
(मोटारगाडीचे इंजिन आयडलिंगला बंद का पडते : कारणमीमांसा आणि उपाय)



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या अध्यापनविषयाशी नाते सांगणारा आणि त्याचबरोबर घरोघरच्या व्यवहाराशी जोडलेला विषय निवडावा, असे संस्थेने सुचविले होते. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी फारच किरकोळ वाटेल. गाडी रस्त्यावर नीट धावते. पण चौकात थांबली, क्लच दाबला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन थरथरते आणि बंद पडते. 'स्लो धरत नाही' अशा तीन शब्दांत आपल्याकडचे मेस्त्री या दुखण्याचे वर्णन करतात.

परंतु या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्यात दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. पहिली म्हणजे जिवाची सुरक्षितता. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारे साहाय्य संपत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि हे नेमके वळणावर, उतारावर किंवा मागून ट्रक येत असताना घडू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे पैसा. या एका तक्रारीपायी प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप बदलला, सेन्सर बदलला आणि तरीही गाडी बंद पडतच राहिली, अशी उदाहरणे आपणांपैकी अनेकांच्या परिचयाची असतील. तर्क न करता सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान न करता औषधे देत जाणे होय. तेव्हा निदान कसे करावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

आयडलिंग ही इंजिनाची कठीण परीक्षा

सर्वसाधारण समजूत अशी की, चढणीवर इंजिनाला अधिक कष्ट पडतात आणि उभ्या गाडीत ते विश्रांती घेत असते. शक्तीच्या दृष्टीने ते खरे आहे. स्थैर्याच्या दृष्टीने मात्र वस्तुस्थिती उलट आहे.

जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली सिद्ध केलेले चार धावांचे चक्र आपण शाळेत शिकलो आहोत : शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन. या चक्राला मुख्य दंडाचे दोन फेरे लागतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच ज्वलन होते. तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे या गतीने चालत असेल, तर मिनिटाला १,३५० आणि सेकंदाला सुमारे २२ ज्वलने होतात. त्यांतून मिळणारी ऊर्जा चाकांपर्यंत जातच नाही. पिस्टनचे घर्षण, हवा ओढून घेण्याचे श्रम, पाण्याचा पंप, अल्टरनेटर यांतच ती खर्ची पडते. जमा आणि खर्च यांची तोंडमिळवणी कशीबशी झालेली असते. शिल्लक काहीही नसते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला एक दिवसाचा खाडा जसा सोसत नाही, तसे आयडलिंगवर चालणाऱ्या इंजिनाला ओळीने दोनचार ज्वलने चुकणे सोसत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवेच्या वाटेवरील थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते. पिस्टन हवा ओढत राहतात, पण हवा पुरेशी येत नाही. त्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमध्ये अंशतः निर्वात निर्माण होतो. समुद्रसपाटीवर निकोप इंजिनात तो साधारणपणे पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतका असतो. या निर्वातामुळे सिलिंडरमधला थोडा जळका वायूही मागे रेंगाळतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि ज्योत मंदावते. थोडी हवा, थोडे पेट्रोल, मळलेले मिश्रण आणि मंद ज्योत अशा अवस्थेत इंजिनाला चालत राहायचे असते. म्हणूनच इंजिनातला अनेक प्रकारचा बिघाड सर्वांत आधी आयडलिंगवर प्रकट होतो. वैद्याने नाडी पाहावी, तसे जाणता मेस्त्री प्रथम आयडलिंग ऐकतो ते यामुळेच.

येथे आपल्या गावाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर आहे. दर हजार फुटांना निर्वातमापकाचे वाचन साधारण एका इंचाने कमी होते. म्हणजे पणजीत २० इंच दाखविणारे इंजिन येथे साडेसतरा इंच दाखवील आणि तरीही ते निर्दोषच असेल. पुस्तकातला आकडा आपल्या गावाला लावताना हा फरक ध्यानात घेतला नाही, तर चांगल्या इंजिनावर आजाराचा शिक्का बसेल.

एका छिद्राचा हिशेब

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बरेच बिघडले की ज्वलन चुकू लागते. आता एक लहानसा हिशेब करू. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन ९०० फेऱ्यांवर चालत असता बाहेरच्या हवेच्या मापाने सेकंदाला साधारण दोन लिटर हवा घेते. हेच इंजिन पूर्ण वेगात दहापटींहून अधिक हवा घेते. समजा, मॅनिफोल्डच्या एखाद्या रबरी नळीला दोन मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले. आयडलिंगच्या वेळी आतला दाब इतका कमी असतो की, त्या छिद्रातून हवा अतिवेगाने आत घुसते. तिचे प्रमाण एकूण हवेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके भरते! उलट थ्रॉटल पूर्ण उघडले की आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा होतो आणि छिद्रातून नगण्य हवा येते.

या एका हिशेबातून निदानाचे मोठे सूत्र हाती लागते. जो दोष फक्त आयडलिंगला दिसतो आणि गती वाढताच नाहीसा होतो, तो बहुधा हवेच्या वाटेतला असतो. याउलट जो दोष भार वाढल्यावर, चढणीवर, वेगात अधिक जाणवतो, तो बहुधा पेट्रोलच्या पुरवठ्यातला असतो. तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप आयडलिंगपुरते पेट्रोल सहसा पुरवू शकतो. दम लागतो तो चढणीवर. स्लो धरत नाही म्हणून पंप बदलणे हे किती वेळा वायफळ ठरते, ते यावरून कळेल.

वॅटपासून संगणकापर्यंत

इंजिनाची गती आपोआप राखण्याचा प्रश्न मोटारगाडीपेक्षा जुना आहे. जेम्स वॅट याने १७८८ साली वाफेच्या यंत्रावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला. गती वाढली की गोळे फाकतात आणि वाफेची झडप मिटू लागते. गती घटली की गोळे खाली येतात आणि झडप उघडते. असा नियामक कधी कधी स्वतःच अस्थिर होतो आणि गती खालीवर हेलकावू लागते. या प्रश्नाचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ साली मांडले. आपल्या गाडीची सुई जेव्हा ६०० ते १,२०० यांच्या दरम्यान हेलकावे खाते, तेव्हा तीच कहाणी पुन्हा घडत असते. नियामक दुरुस्ती करू पाहतो, पण ती उशिरा किंवा वाजवीपेक्षा जास्त होते.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत असा नियामक नव्हता. स्क्रू फिरवून एकदा ठरविलेली हवा आणि ठरविलेले पेट्रोल एवढ्यावरच सारे अवलंबून असे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० ही गाडी कार्बोरेटर घेऊनच आली. पुढे प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि २००० सालाच्या आसपास कार्बोरेटर मागे पडून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेली पद्धत, रूढ झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले. परंतु जुन्या गाड्या घरोघरी जपलेल्या आहेत. म्हणून दोन्ही पद्धतींचा विचार करणे इष्ट होईल.

स्पॅनर हाती घेण्यापूर्वी

गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला प्रश्न : केव्हा बंद पडते? सकाळी थंड असताना, की तापल्यानंतर? फक्त थंड असताना बंद पडत असेल, तर चोक, तापमानाचा सेन्सर किंवा थंडीत अधिक हवा देणारी व्यवस्था यांवर संशय जातो. फक्त तापल्यावर बंद पडत असेल, तर अडकून राहिलेला चोक, तापून दगा देणारी कॉइल किंवा क्रँक सेन्सर आणि फारच कमी राहिलेला टॅपेटचा गॅप यांचा विचार करावा.

दुसरा प्रश्न : कशाने बंद पडते? एसी लावल्यावर, स्टिअरिंग टोकापर्यंत वळविल्यावर किंवा रात्री दिवे लावल्यावर बंद पडत असेल, तर वाढलेला भार उचलायला लागणारी जादा हवा मिळत नाही, असा अर्थ होतो. ब्रेक दाबताच इंजिन कापू लागले, तर ब्रेक बूस्टरचा पडदा किंवा त्याची नळी फाटलेली असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी ही केवळ इंजिनाची तक्रार राहत नाही. पेट्रोल भरल्यानंतर लगेच बंद पडत असेल, तर टाकीतील वाफा इंजिनाकडे नेणारी पर्ज झडप उघडीच राहिली आहे का, ते पाहावे.

तिसरा प्रश्न : कसे बंद पडते? दिवा मालवल्यासारखे एकदम बंद पडले, तर दोष बहुधा विजेच्या मार्गातला असतो : ठिणगी गेली, सेन्सरचा संकेत तुटला किंवा एखादी जोडणी सैल झाली. धडपडत, थरथरत, हळूहळू बंद पडले, तर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बिघडले आहे. लयीत एक ठोका चुकत राहिला, ज्याला मेस्त्री 'मिसिंग' म्हणतात, तर एखाद्या सिलिंडरचाच दोष आहे.

चौथा प्रश्न : बंद पडल्यावर पुन्हा केव्हा चालू होते? लगेच, की दहा-पंधरा मिनिटे निवल्यावर? निवल्यावरच चालू होणारी गाडी ही बहुधा तापणाऱ्या विद्युत् भागाची किंवा जुन्या गाडीत नळीतच पेट्रोलची वाफ होण्याची तक्रार असते.

ही चार उत्तरे मेस्त्रींना नीट सांगितली, तर अर्धे निदान झाले असे समजावे. 'गाडी बंद पडते' एवढेच सांगणारा मालक आणि 'पोटात दुखते' एवढेच सांगणारा रुग्ण यांत फरक नाही.

कार्बोरेटरची गाडी

कार्बोरेटरमध्ये आयडलिंगसाठी स्वतंत्र बारीक वाट असते. तिच्यातील स्लो जेटचे छिद्र केसासारखे बारीक असते. टाकीतला एखादा कण त्याला पुरेसा होतो. गाडी वेगात उत्तम चालते आणि पाय काढताच मरते, याचे हे अत्यंत सामान्य कारण आहे. याची चाचणी सोपी आहे. इंजिन पूर्ण तापवून, स्टॉप स्क्रूने गती कशीबशी राखून मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घ्यावा. निकोप कार्बोरेटरमध्ये गती कमी होत जाते. स्क्रू कितीही फिरविला आणि काहीच फरक पडला नाही, तर आयडलिंगच्या वाटेने पेट्रोल येतच नाही किंवा हवा भलतीकडून येत आहे. स्क्रू मात्र तळाशी आवळू नये. त्याचे टोक आणि बैठक दोन्ही बिघडतात.

अनेक कार्बोरेटरांत या वाटेवर एक विद्युत् झडप असते. चावी फिरवताच तिचा 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही, तर कार्बोरेटर उघडण्याआधी तिची वायर आणि फ्यूज पाहावा. जेट साफ करताना तार घालू नये, कारण छिद्र मोठे झाले की प्रमाण कायमचे बिघडते; क्लीनरने भिजवून दाबाच्या हवेने फुंकावे.

जेट स्वच्छ असूनही इंजिन धुरकट चालत असेल आणि प्लग काजळीने काळे पडत असतील, तर पेट्रोल जास्त होत आहे : फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह, चोक आणि एअर फिल्टर तपासावे. प्लग पांढुरके दिसत असतील, तर हवा जास्त होत आहे : कार्बोरेटरच्या पायाची गॅस्केट आणि नळ्या तपासाव्यात. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग निकोप ज्वलनाचा असतो.

ठिणगीची बाजूही विसरू नये. डिस्ट्रिब्यूटरच्या गाडीत पॉइंटचा गॅप, कॅपच्या आतली तडे गेलेली जागा आणि प्लगच्या वायरी पाहाव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने चिरलेल्या वायरींतून ठिणगी बाहेर पळते. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले, तर निळसर ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. पाहावे, पण हात लावू नये.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. म्हणून त्याला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. जुन्या प्रमाणावर जुळविलेल्या कार्बोरेटरला त्यामुळे मिश्रण थोडे पातळ पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत याचे परिणाम प्रथम आयडलिंगवर दिसतात. अशा गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि फिल्टर बदलणे, ही चैन नसून गरज आहे; गळक्या नळीमुळे इंजिन बंद पडते, तसा वणवाही पेटतो.

एमपीएफआयची गाडी

येथे थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवेची एक पोटवाट असते आणि तिच्यावर आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बसविलेला असतो. गती कमी झाली की संगणक, म्हणजे ईसीयू, ती वाट अधिक उघडतो. वाढली की मिटतो. वॅटच्या गोळ्यांचेच हे काम. नव्या गाड्यांत पोटवाट काढून टाकून विजेची मोटर थ्रॉटलची चकतीच हलविते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कार्बन. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पीसीव्हीच्या नळीतून परत हवेच्या वाटेत येते आणि थ्रॉटलच्या कडेला काळे कडे धरते. चकती आणि भिंत यांमधली फट आधीच केसाएवढी. ती बुजली की हवा मिळत नाही. उपायही साधा आहे : थ्रॉटल बॉडीसाठीचा क्लीनर आणि मऊ कापड यांनी ते कडे पुसून काढावे. विजेवर चालणारी चकती मात्र चावी चालू असताना बोटाने ढकलू नये. सफाईनंतर ईसीयूला नवी स्थिती पुन्हा शिकवावी लागते. तिची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बॅटरी काढून पुन्हा जोडल्यावर काही गाड्या थोडा काळ आयडलिंगला अस्थिर होतात, त्याचेही कारण हेच.

दुसरा संशयित म्हणजे फाटलेली नळी. येथे एक बारकावा आहे. ज्या गाडीत येणारी हवा वाटेवरच मोजली जाते, तिच्यात मोजमापानंतर शिरलेली हवा ईसीयूला कळतच नाही. मिश्रण पातळ होते आणि इंजिन बंद पडते. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजून हवेचा अंदाज केला जातो, तिच्यात गळतीमुळे दाब वाढतो, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोलही वाढवितो आणि गती कमी होण्याऐवजी बहुधा चढते. एकाच छिद्राची दोन गाड्यांत दोन लक्षणे! तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला जसाच्या तसा लावू नये. गळती शोधण्यासाठी धुराची चाचणी सर्वांत सुरक्षित होय. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारून गती बदलते का, हे पाहण्याची रीत प्रचलित आहे. पण तिने आग लागू शकते, म्हणून घरी ती करू नये.

तिसरा संशयित म्हणजे पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. बहुतेक गाड्यांत त्याचा रोध २० अंश सेल्सिअसला सुमारे दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना सुमारे तीनशे ओहम असतो. जोडणी गंजून रोध वाढला, तर तापलेले इंजिनही ईसीयूला थंड वाटते आणि तो पेट्रोलचा मारा करतो. साध्या मल्टिमीटरने ही चाचणी पाच मिनिटांत होते. यांखेरीज ईजीआरची झडप उघडी अडकली, तर धुराचा वायू नको त्या वेळी आत येतो आणि इंजिन गुदमरते. हे सारे निर्दोष निघाल्यावरही थरथर राहिली, तर कॉम्प्रेशन आणि टॅपेट तपासावेत. गॅसवर चालविलेल्या गाड्यांत झडपांच्या बैठका झिजून टॅपेटचा गॅप नाहीसा होऊ शकतो. मग झडप पूर्ण मिटतच नाही.

स्कॅनरविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. स्कॅनर कोड दाखवितो. तो दोषी भागाचे नाव सांगत नाही. 'पी ०१७१' याचा अर्थ 'मिश्रण पातळ आहे' एवढाच. ते गळतीमुळे पातळ आहे, की पंपाचा दाब कमी असल्यामुळे, हे कोडला ठाऊक नसते. ऑक्सिजन सेन्सरने हे दुखणे कळविले म्हणून तोच बदलून टाकणे, म्हणजे ताप दाखविला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखे आहे. मात्र हवेची मोजणी करणाऱ्या गाडीत पेट्रोलची भरपाई किती चालली आहे, हे आयडलिंगला आणि २,५०० फेऱ्यांवर असे दोनदा पाहावे. आयडलिंगला भरपाई खूप आणि वर कमी, तर गळती. वर गेल्यावर वाढत जाणारी, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा. मघाच्या छिद्राच्या हिशेबाचेच हे दुसरे रूप होय.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, दहा-बारा वर्षे वापरलेली, तीन सिलिंडरची, दाब मोजणाऱ्या पद्धतीची इंजेक्शनची गाडी आपल्यापुढे आहे. सकाळी ती उत्तम चालू होते. वीस मिनिटांनंतर चौकात, एसी चालू असताना, क्लच दाबताच सुई ५०० वर येते, १,१०० वर जाते, पुन्हा पडते आणि इंजिन बंद होते. चावी फिरवताच लगेच चालू होते. इंजिनाचा दिवा लागलेला नाही.

इंजिन हेलकावे खाऊन बंद पडले, दिव्यासारखे मालवले नाही. म्हणून ठिणगी तूर्त बाजूला ठेवू. ते लगेच चालू होते. म्हणून तापून दगा देणाऱ्या सेन्सरची शक्यता कमी झाली. चढणीवर ओढ उत्तम आहे. म्हणून पंप आणि फिल्टर निर्दोष धरू. एसी बंद केल्यावर गाडी बंद पडत नाही, पण गती हवी त्यापेक्षा कमी, ६५० वर राहते. पाय जरासा टेकविला की सारे सुरळीत. म्हणजे इंजिनाला हवी आहे ती केवळ थोडी हवा. स्कॅनरवर पाहता ईसीयू पोटवाट जवळजवळ पूर्ण उघडण्याचा आदेश देत आहे आणि तरीही गती कमी आहे. मागितलेली हवा मिळत नाही, याचा अर्थ वाट तुंबली आहे. या पद्धतीच्या गाडीत गळती असती, तर चित्र उलट असते : गती चढी आणि आदेश वाट मिटण्याचा.

मग सकाळी गाडी नीट का चालते? अशा अनेक गाड्यांत थंडीपुरती जादा हवा देणारी मेणाची झडप असते. इंजिन तापले की ती मिटते. सकाळी हवा त्या दुसऱ्या दाराने येत होती. सर्व लक्षणांचा उलगडा एकाच कारणाने झाला, तर निदान पक्के होण्याचा संभव मोठा असतो. थ्रॉटल बॉडी आणि पोटवाट साफ करावी, गॅस्केट नवी घालावी, ईसीयूला शिकवावे आणि मग तापलेल्या इंजिनावर एसी, दिवे आणि टोकाला वळविलेले स्टिअरिंग अशा तिन्ही भारांनिशी खात्री करून घ्यावी. या साऱ्यात एका गॅस्केटखेरीज एकही भाग बदलावा लागला नाही, हे लक्षात घ्यावे. यानंतर एक शेवटचा प्रश्न उरतो : कार्बन इतका का साचला? पीसीव्हीची झडप आणि एअर फिल्टर पाहिला नाही, तर तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहील.

घाटातील सावधानता

बेळगावाहून गोव्याला चोर्ल्याने किंवा सावंतवाडीला आंबोलीने उतरणाऱ्यांसाठी दोन शब्द बोलणे मी कर्तव्य समजतो. पेट्रोल वाचते या समजुतीने कित्येक जण न्यूट्रलमध्ये घाट उतरतात. इंजेक्शनच्या गाडीत ही समजूत चुकीची आहे. गियरमध्ये, पाय सोडून उतरताना ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकेच इंजिन फिरवीत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाहीच, उलट इंजिनाचा रोध गमावून सारा भार ब्रेकवर पडतो. त्यात आयडलिंगचा दोष असलेले इंजिन वळणावर बंद पडले, तर पुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

तरीही चालत्या गाडीत इंजिन बंद पडलेच, तर गडबडून चावी काढू नये; स्टिअरिंग कुलूपबंद होण्याचा धोका असतो. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात एकदोनदा ब्रेक दाबण्यापुरताच असतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न पंपता एकदाच घट्ट दाबून धरावा. धोक्याचे दिवे लावून कडेला थांबावे. तसेच आयडलिंगची तपासणी बंद गॅरेजमध्ये कदापि करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि त्याला रंग नाही, वासही नाही.

समारोप

मित्रहो, या विवेचनात वापरलेले एकही तत्त्व शाळेच्या पुस्तकाबाहेरचे नाही. हवेचा दाब, ज्वलन, विद्युत् रोध आणि कार्यकारणभाव एवढीच आपली सामग्री होती. आपल्या गावातील मेस्त्रींच्या कानाला जी जाण आहे, ती मोठ्या अनुभवाने आलेली आहे आणि तिचा मी आदर करतो. मालकाने नेमकी लक्षणे सांगितली आणि मेस्त्रींनी एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहिला, तर दोघांचाही फायदा आहे. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की, पुढच्या वेळी गॅरेजमध्ये 'कोणता भाग बदलायचा?' असे विचारण्याआधी 'हा भाग बिघडला आहे, हे कशावरून?' असे नम्रपणे विचारावे. वर्गात मुलांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या गुरुजनांच्या स्मृतीला अभिवादन करून मी माझे व्याख्यान पुरे करतो.